मांडवीपुढचं पांढरं जहाज

१६ सप्टेंबर २०२२. सकाळचे साडेनऊही वाजले नव्हते, तोच मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्रात मदतीची हाक आली. ‘पार्थ’ नावाच्या टँकरमध्ये पाणी शिरत होतं. झेंडा गॅबनचा, निघालेला अमिरातींतल्या खोर फक्कनहून, जायचा नव मंगळूरला; पोटात ३,९११ टन डांबर आणि वर १९ माणसं. ठिकाण रत्नागिरीच्या पश्चिमेला ४१ सागरी मैल, म्हणजे साधारण ७६ किलोमीटर. तटरक्षक दलाचं ‘सुजीत’ त्या भागात गस्तीवर होतं. त्याला आणि ‘अपूर्वा’ला तिकडे वळवलं, हेलिकॉप्टर उडालं, आणि १८ भारतीय व एक इथिओपियन असे सगळे १९ जण वाचले. टँकर मात्र तळाला गेला. पुढचे कितीतरी दिवस देवगड-मालवणचे लोक तेलाचा तवंग कुठून येतो का, म्हणून समुद्राकडे डोळे लावून होते.

हे सगळं घडत होतं तेव्हा रत्नागिरीतल्या मांडवीच्या जेटीवर उभ्या माणसाला काहीही दिसलं नसतं. उजव्या हाताला रत्नदुर्ग आणि १८६७ पासूनचं दीपगृह, डावीकडे राजिवडा, काजळी नदीचं मुख आणि पलीकडे भाट्याची वाळू, पायाखाली काळी रेती. म्हणून तर रत्नागिरीकर याला काळा समुद्र म्हणतात, आणि मिऱ्याकडच्याला पांढरा. जेटीच्या उंचीवरून क्षितिज जेमतेम चार-पाच मैलांवर असतं. त्यापलीकडच्या पाण्याची राखण कोणी करायची, हा प्रश्न या किनाऱ्यावर तीनशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवला, आणि मधली शंभरेक वर्षं तर तो कोणी सोडवलाच नाही. आज ‘सुजीत’सारखं जहाज बारकाईने पाहिलं, तर त्यावरच्या एकेका यंत्रामागे याच पाण्यातला एखादा अपघात, एखादी फसगत, एखादी चोरी उभी असलेली आढळते.

‘सुजीत’ बांधलं गोव्यात, वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये. ही गोदी मूळची पोर्तुगिजांची, १९५७ सालची. गोवामुक्तीनंतर ती माझगाव डॉकने चालवायला घेतली. तटरक्षक दलासाठी १०५ मीटर लांबीच्या गस्ती जहाजांची एक तुकडी इथूनच बाहेर पडली: ‘समर्थ’ आणि तिच्या पाच बहिणी. मग २०१६ मध्ये आणखी पाचांचा करार झाला. त्यातलं पहिलं ‘सचेत’. ते १५ मे २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, संरक्षणमंत्र्यांनी दिल्लीत बसून पडद्यावरून दलात दाखल केलं. ‘सुजीत’ दुसरं.

वजन सुमारे २,३५० टन. दोन डिझेल इंजिनं, प्रत्येकी ९,१०० किलोवॅटचं. जास्तीत जास्त वेग २६ नॉट, म्हणजे ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास. रस्त्यावरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण २,३५० टन पोलाद पाण्यातून त्या वेगाने ढकलायला किती ताकद लागते, ते इंजिनांच्या आकड्यात आहेच. एकदा टाक्या भरल्या की किफायतशीर वेगाने ६,००० सागरी मैल जाता येतं. मांडवीहून मस्कतला जाऊन यायचं, परत जाऊन यायचं, तरी तेल उरेल. पुढे ३० मिलिमीटरची तोफ, मागे दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरसाठी उतरायची जागा, बाजूंना चार वेगवान नौका आणि एक हवा भरलेली नौका. ‘सचेत’ दाखल झालं तेव्हा त्यावर ११ अधिकारी आणि ११० खलाशी होते. जुन्या हिशेबाने ही माणसं कमीच. कारण इंजिनं, वीज, दिशा या सगळ्यांचे काटे आता एकाच ठिकाणी पडद्यावर दिसतात, आणि इंजिनघरात चोवीस तास घाम गाळत उभं राहणारी माणसं तितकी लागत नाहीत.

असं जहाज कण्यापासून वर एकेक फळी ठोकत बांधत नाहीत. संगणकावर आखलेल्या आकृतीप्रमाणे पोलादी पत्रे कापायचे, त्यांचे घराएवढे ठोकळे जमिनीवर जोडायचे, ठोकळा अजून उघडा आहे तोवरच त्यात नळ आणि तारांचे मार्ग बसवून घ्यायचे, मग क्रेनने एकेक ठोकळा जागेवर आणून वेल्डिंगने सांधायचा. वेल्डिंगच्या सांध्यांचे एक्स-रे काढतात. जलावतरण होतं तेव्हा जहाज तरंगणारं पण बरंचसं रिकामं असतं. खरं काम त्यानंतर धक्क्याला बांधून चालतं. ‘सचेत’चं जलावतरण फेब्रुवारी २०१९ मध्ये झालं आणि ते दलाच्या हाती पडायला पुढे वर्ष गेलं.

त्या बाजूच्या चार नौकांकडे जरा थांबून पाहायला हवं. मोठं जहाज लांबवर उभं राहतं, आणि संशयित बोटीला जाऊन भिडण्याचं, तिच्यावर चढून झडती घेण्याचं काम या छोट्या नौका करतात. ही रीत कोकणाला नवी नाही. अठराव्या शतकात कान्होजी आंग्र्यांचं आरमार नेमकं याच जोडीवर चालत होतं. गुराब मोठी: दोन डोलकाठ्यांची असेल तर दीडशे टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत, नाकाड पुढे लांब निमुळतं, आणि त्यातून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत लहान, बहुधा सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की गलबतंच गुराबांना ओढून नेत. इंग्रजांची उंच, खोल बुडाची जहाजं वाऱ्याअभावी खिळून राहत, आणि त्याच वेळी ही वल्ह्यांची टोळी त्यांच्या पिछाडीला येऊन पोचे. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने हे वर्णन लिहून ठेवलं ते काही कौतुकापोटी नाही, मार खाल्लेल्या बाजूने लिहिलं आहे. म्हणूनच ते विश्वासाचं.

आंग्र्यांचा दस्तक घेतल्याशिवाय या पाण्यातून व्यापारी गलबताने जायचं नाही, असा नियम होता. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटलं. आज भारताच्या बारा सागरी मैलांच्या आत परकी मच्छीमार बोट विनापरवाना सापडली तर तटरक्षक दल ती धरून आणतं, आणि त्याला कोणी चाचेगिरी म्हणत नाही. राज्य कोणाचं यावर शब्द ठरतो, एवढाच त्याचा अर्थ.

फेब्रुवारी १७५६ मध्ये रत्नागिरीच्या दक्षिणेला विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. आग आधी ‘रिस्टोरेशन’ या जहाजाला लागली. ते पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकून आणलेलं होतं. तिथून आग पसरत गेली आणि नांगरलेला सगळा ताफा एका दुपारी संपला. तोफा इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या, फौज क्लाइव्हची, आणि जमिनीच्या बाजूने वेढा पेशव्यांचा. नानासाहेबांना आपला हट्टी सरदार नमवायचा होता. तो नमला, पण किनाऱ्याची राखणदारीही त्याच आगीत गेली. आनंदराव धुळपांनी पेशव्यांच्या वतीने विजयदुर्गावर पुन्हा आरमार उभं केलं, काही लढाया गाजवल्या, तरी मुंबईच्या आरमाराला समुद्रात अडवील अशी ताकद पुन्हा आली नाही.

१८१८ नंतर रत्नागिरी इंग्रजांकडे गेली. कंपनीचं ‘बाँबे मरीन’ १८३० मध्ये ‘इंडियन नेव्ही’ झालं, आणि १८६३ मध्ये ते लढाऊ दल म्हणून मोडीतच काढलं; हिंदुस्थानच्या समुद्राची जबाबदारी थेट ब्रिटिश नौदलाने घेतली. ब्रिटिश नौदलाचं लक्ष साम्राज्याच्या शत्रूंवर. मांडवीसमोर एखादा मचवा उलटला तर तो त्यांच्या खातेवहीत कुठे बसणार? किनाऱ्यावर दीपगृहं उभी राहिली, जकातीची कचेरी राहिली, बंदरावर अधिकारी राहिला. समुद्रात जाऊन माणूस वाचवणारं कोणी राहिलं नाही. जे कोणी वाचवत, ते कोळी, खारवी, दालदी. त्यांच्या होड्यांवर ना झेंडा होता ना पगार.

आणि याच काळात कोकणी माणूस पूर्वी कधी नव्हता इतका समुद्रावर अवलंबून झाला. मुंबईला गिरणीत जायचं तर आगबोट. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत ती पणजीपर्यंत जाई. खोल पाण्यात नांगर टाकायची, आणि उतारू ट्रंका, पोती, पोरंबाळं घेऊन पडावातून काठाला यायचे. हेलकाव्यातल्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकणं हे एक कसब होतं आणि प्रत्येकाला ते यावंच लागे. पावसाळ्यात सेवा बंद. गोऱ्या कंपनीच्या मक्तेदारीला उत्तर म्हणून देशी भांडवलाची सहकारी कंपनीही निघाली. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत आणि तिच्या बोटींना संतांची नावं होती.

त्यातली ‘तुकाराम’ ११ नोव्हेंबर १९२७ च्या वादळात बुडाली. त्याच दिवशी ‘जयंती’ही. पण कोकणाच्या आठवणीत घर करून बसली ती ‘रामदास’. १९३६ मध्ये इंग्लंडात बांधलेली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, सकाळी ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पावसाळी समुद्र, खचाखच गर्दी. काशाच्या खडकाजवळ लाटांचा मारा सुरू झाला, बोट एका अंगाला कलली, भ्यालेले लोक दुसऱ्या अंगाला धावले, आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईपासून काही मैलांवर घडलेली ही गोष्ट मुंबईला कळायला दुपार उलटून गेली. जे वाचले त्यांतले बरेचसे रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्या होड्यांत मुंबईला विकायला निघालेली मासळी होती.

गोदीत जहाज पुरं होत आलं की त्याची एक चाचणी होते. शांत पाण्यात, सगळ्या दोऱ्या सैल सोडून, मोजलेली वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकवतात, आणि आत टांगलेला लंबक किती हलला ते मोजतात. त्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे आणि ते किती कललं तर परत सरळ होईल, याचं गणित मांडलं जातं. ‘रामदास’वर हीच चाचणी जिवंत माणसांनी झाली. ‘सुजीत’च्या मागच्या भागात हेलिकॉप्टर उतरतं, वरच्या मजल्यांवर रडार आणि तोफ आहे, आणि एखाद्या बुडत्या जहाजावरचे शंभर लोक अचानक एका कठड्याला जमू शकतात. हे सगळं त्या गणितात आधीच धरावं लागतं. गस्ती जहाज आखताना सगळ्यात जास्त डोकं कशात खर्ची पडत असेल तर ते यात. तोफेत नव्हे.

स्वातंत्र्य आलं, नौदल भारतीय झालं, पण नौदलाचं काम युद्धाचं. १९६० च्या दशकात कोकण किनाऱ्यावर सोनं, घड्याळं, परदेशी कापड उतरू लागलं. आखाती धाऊ आणि मचवे रात्री एखाद्या निर्जन खाडीत यायचे, माल उतरायचा, पहाटेपर्यंत समुद्र रिकामा. सीमाशुल्क खात्याकडे वेगाने पाठलाग करू शकेल अशा बोटी जवळपास नव्हत्याच. कित्येकदा तस्करांकडूनच जप्त केलेल्या बोटी खात्याला वापराव्या लागत. त्यातच फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या फलाटाने तेल शोधून काढलं. आता राखायला सोनंच नव्हे, समुद्रात उभी केलेली कोट्यवधींची तेलफलाटं होती. १९७६ च्या कायद्याने भारताने २०० सागरी मैलांपर्यंतचं पाणी आपल्या आर्थिक हक्काचं म्हटलं. जवळपास वीस लाख चौरस किलोमीटर. कायद्याने हक्क सांगणं सोपं; तिथे जाऊन उभं कोण राहणार?

त्याचं उत्तर शोधणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते के. एफ. रुस्तमजी. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. सीमा सुरक्षा दल त्यांनीच उभारलं होतं, त्यामुळे रखवाली आणि युद्ध यांतला फरक त्यांना चांगला ठाऊक होता. नौदलाच्या धर्तीवरचं, पण नौदलापासून वेगळं, शांततेच्या काळात काम करणारं दल असावं, असं त्यांच्या समितीने १९७५ मध्ये सुचवलं. १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते अंतरिम स्वरूपात सुरू झालं. भांडवल काय? नौदलाने दिलेल्या ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या दोन जुन्या फ्रिगेट, आणि गृहखात्याकडून आलेल्या पाच गस्ती नौका. त्यांपैकी एकीचं नाव ‘पनवेल’. ऑगस्ट १९७८ मध्ये कायदा झाला आणि मोरारजी देसाईंच्या हस्ते दलाचं रीतसर उद्घाटन झालं. आपल्या आजच्या दलाची सुरुवात अशी सात जुन्या बोटींवर झाली हे कळलं की माणूस जरा हबकतो.

दलाच्या गरजेप्रमाणे मुद्दाम आखलेलं पहिलं मोठं गस्ती जहाज ‘विक्रम’ माझगाव डॉकमध्ये बांधलं आणि ते १९८३ मध्ये दाखल झालं. ७४ मीटर लांब, सुमारे १,२०० टन, २२ नॉट, वर एक चेतक हेलिकॉप्टर. ‘सुजीत’शेजारी उभं केलं तर ते धाकटं दिसेल. पण जहाजाची आखणी कोणत्या क्रमाने करायची ते त्याने ठरवलं: आधी दिवसेंदिवस समुद्रात टिकणं, मग हेलिकॉप्टर, मग वेग, आणि तोफ शेवटी. त्या जातीची नऊ जहाजं झाली. शेवटची दोन गोव्यात.

या क्रमातलं उणं काय होतं, ते नोव्हेंबर १९९९ मध्ये दिसलं. इंडोनेशियाहून जपानला निघालेलं ‘अलोंद्रा रेनबो’ हे जहाज चाच्यांनी पळवलं. आत सात हजार टन अॅल्युमिनियम. रंग बदलला, नाव बदलून ‘मेगा रामा’ केलं, आणि ते हिंदी महासागर ओलांडून पश्चिमेकडे निघालं. तटरक्षक दलाच्या डॉर्नियर विमानाने ते हेरलं, आणि पाठलागाला गेलं ‘ताराबाई’. छत्रपती शिवरायांच्या सुनेचं नाव लावणारी, सिंगापुरात बांधलेली, अवघी ४५ मीटर लांब नौका. तिने इशारे दिले, पुढे गोळ्या झाडल्या, पण कित्येक पट मोठं मालवाहू जहाज थांबायला तयार नव्हतं. शेवटी नौदलाची क्षेपणास्त्र नौका ‘प्रहार’ आली, आणि १६ नोव्हेंबरला चाचे शरण आले. जाता जाता त्यांनी जहाजाला आग लावली आणि पाण्याचे झडपदरवाजे उघडले. बुडतं जहाज वाचवून मुंबईला ओढून आणणं हे पकडण्याइतकंच अवघड ठरलं.

पुढची गंमत कोर्टात. पंधरा जणांवर मुंबईच्या सत्र न्यायालयात खटला चालला, २००३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली, आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयात ते सुटले. चाचेगिरीवर भारताचा स्वतंत्र कायदाच नव्हता. भर समुद्रात, परकी जहाजावर, परकी माणसांनी केलेला गुन्हा दंडसंहितेत बसवताना ओढाताण झाली. तो कायदा संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये केला. जहाज बांधायला तीन-चार वर्षं लागतात. या कायद्याला तेवीस लागली.

नव्या गस्ती जहाजांवर लांब पल्ला, वेग आणि बाहेरच्या आगीवर लांबून पाणी फेकणारे मोठे पंप एकाच ठिकाणी दिसतात, तेव्हा हा प्रसंग आठवावा. शिवाय तेलगळती आवरायची साधनंही तिथेच असतात: पाण्यावर तरंगणारे अडथळे, तवंग शोषून घेणारी यंत्रं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर सुटून खाडीत तरंगत फिरले, खारफुटीच्या मुळांना काळं लागलं, आणि कित्येक दिवस मुंबई-रायगडच्या बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हतं. खास प्रदूषण आवरण्यासाठी बांधलेलं दलाचं पहिलं जहाज ‘समुद्र प्रहरी’ दाखल झालं ते त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये. दोन महिने उशिरा. ‘पार्थ’च्या पोटात डांबर आहे हे कळल्यावर २०२२ मध्ये रत्नागिरी-देवगडला जी धास्ती वाटली, तिच्या मुळाशी हीच आठवण होती.

मोठ्या जहाजांनी सगळं भागत नाही, हे कोकणाने त्याआधीच दोनदा पाहिलं होतं. १९९३ च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला स्फोटकं उतरली आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल, सीमाशुल्क आणि पोलीस यांची किनाऱ्यावर एकत्र गस्त सुरू झाली. २६ नोव्हेंबर २००८ ला मारेकरी आले ते पळवलेल्या मच्छीमार ट्रॉलरमधून आणि शेवटचे मैल हवेच्या होडीतून. शेकडो ट्रॉलरमधला एक ट्रॉलर ओळखायचा, तर २,००० टनांचं जहाज काय कामाचं? त्यानंतर बारा मैलांच्या आतल्या पाण्याच्या सुरक्षेची जबाबदारीही दलाकडे आली, दीपगृहांवर रडार बसली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, आणि लहान वेगवान नौकांच्या मागण्या निघाल्या. त्यांतली मोठी ऑर्डर लार्सन अँड टुब्रोकडे गेली: अॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या, सुमारे २८ मीटर लांबीच्या ५४ नौका. पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकून चालणाऱ्या, त्यामुळे उथळ पाण्यातही जाणाऱ्या. वेग ४५ नॉट. आंग्र्यांच्या गलबतांचाही गुण हाच होता: बूड उथळ, आणि वाळूचा बार ओलांडून खाडीत शिरायची मुभा.

या कामात रत्नागिरीचाही वाटा होता. भारती शिपयार्ड या कंपनीची गोदी मिऱ्याला, पांढऱ्या समुद्राच्या बाजूला होती. २००९ मध्ये तिला तटरक्षक दलाच्या पंधरा वेगवान नौकांचं काम मिळालं. आंबा आणि मासळी यांपलीकडे रोजगार शोधणाऱ्या तालुक्यात वेल्डर, फिटर, नळकाम करणारे यांची एक पिढी या गोदीवर तयार होत होती. मग जगभरात तेलकंपन्यांसाठी जहाजं बांधण्याचा धंदा बसला, कंपनी कर्जात बुडाली, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ती मोडीत काढण्याचा आदेश दिला. जहाजबांधणीत एक गोष्ट निर्दय आहे. ऑर्डर थांबली की कारागीर पांगतात, आणि पांगलेला चांगला वेल्डर पुन्हा परत येत नाही; तो दुबईला किंवा कोचीला असतो. यंत्रं गंजली तर बदलता येतात.

त्याच्या पुढच्या वर्षी, ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज नांगर तुटून भरकटत येऊन मिऱ्याच्या बंधाऱ्यावर चढलं. माणसं सुखरूप उतरली, जहाज तिथेच राहिलं. वर्षानुवर्षं लोक ते बघायला जात, आणि दर पावसाळ्यात त्याचा थोडा भाग समुद्र घेऊन जाई.

मांडवी-राजिवड्याच्या मच्छीमाराला तटरक्षक दल हवं असतं ते दोन कारणांसाठी. पहिलं, इंजिन बंद पडलं किंवा कोणाला दुखापत झाली की १५५४ हा क्रमांक फिरवायचा. दुसरं कारण वादाचं आहे. परराज्यातले वेगवान ट्रॉलर रात्री जवळच्या पाण्यात येतात, आणि एलईडी दिव्यांच्या झगमगाटात मासळीचे थवेच्या थवे ओढले जातात. एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पण बारा मैलांच्या आत मासेमारीचा कायदा राज्याचा, आणि तो राबवायचा मत्स्यव्यवसाय खात्याने, भाड्याच्या गस्ती नौकेतून. ‘सुजीत’सारखं जहाज त्या कामाला फार मोठं, आणि खात्याची नौका बहुधा फार हळू. तांडेलांच्या तक्रारीत अतिशयोक्ती असते, हे खरं. पण कामाची वाटणी बारा मैलांच्या रेषेवर केली आणि मासळीला ती रेषा दिसत नाही, हेही तितकंच खरं.

नवी जहाजं पुन्हा मुंबईच्या गोदीत बांधली जात आहेत. २० डिसेंबर २०२३ रोजी माझगाव डॉकशी सहा मोठ्या गस्ती जहाजांचा करार झाला, १,६१४ कोटी रुपयांचा. आणि २४ जानेवारी २०२४ रोजी १४ वेगवान गस्ती जहाजांचा, १,०७० कोटींचा. या चौदा जहाजांच्या यादीत तोफ आणि रडारच्या जोडीला ड्रोन आहेत, आणि दूरनियंत्रणावर चालणारी जीवरक्षक नौकाही: बुडणाऱ्याकडे ती एकटीच जाणार, त्याने तिला धरायचं आणि तिने त्याला जहाजापर्यंत ओढून आणायचं. वितरणाची मुदत ६३ महिन्यांची आहे. त्या हिशेबाने शेवटचं जहाज एप्रिल २०२९ पर्यंत यायला हवं.